कॉम्पॅक्टरचे बोल्ट बदलायला घेण्याआधी

प्लेट कॉम्पॅक्टरच्या, म्हणजे हादऱ्यांनी जमीन दाबणाऱ्या मशीनच्या, इंजिनाचा बोल्ट तुटला की साइटवर सगळ्यांना घाई असते. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमधून तेवढ्याच जाडीचा बोल्ट आणायचा, आवळायचा आणि पेव्हर ब्लॉक दाबायला घ्यायचे. तसं करू नका. आणि दुकानात जायच्या चिठ्ठीवर ‘बोल्ट’ लिहाल तेव्हा त्याच ओळीत नट आणि वॉशरही लिहा. मागच्या वेळी आम्ही बोल्ट उत्तम, जास्त ताकदीच्या १०.९ ग्रेडचे आणले आणि त्यांना जुनेच नट, जुनेच पातळ वॉशर लावले. काही दिवसांतच इंजिन ज्यावर बसतं त्या डेकवर ते पुन्हा नाचायला लागलं.

आधी तुटलेला तुकडा हातात घेऊन तुटलेली बाजू उजेडात धरा. एका कडेपासून गुळगुळीत, त्यावर वळणावळणाच्या बारीक रेघा, आणि उरलेला भाग खडबडीत असं दिसलं, तर बोल्ट एका झटक्यात गेलेला नाही. तो सैल होता, रोज थोडा थोडा चिरत गेला आणि शेवटी उरलेला भाग तुटला. या मशीनची प्लेट मिनिटाला पाच हजारांच्या आसपास हादरे देते, म्हणजे तासाला तीन लाख. घट्ट बसलेल्या बोल्टपर्यंत त्यातला थोडासाच भार पोचतो. सैल बोल्टला प्रत्येक हादरा पूर्ण सोसावा लागतो. म्हणून नुसता जास्त ताकदीचा बोल्ट घालून हे दुखणं जात नाही, तो घट्ट राहिला पाहिजे. त्याच वेळी डेकखालचे रबर बफर बघा. एक जरी फाटला असेल तर बोल्टवर आडवा मार बसतो. डेकची भोकं लंबगोल झाली असतील तर आधी वेल्डिंगवाल्याकडे जा. ते टाळून बोल्ट बदलण्यात अर्थ नाही.

माप. जुना बोल्ट खिशात न्या, तुटलेला असला तरी. जाडी व्हर्नियरने, आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, पिच गेजने. पाच-सहा हॉर्सपॉवरच्या इंजिनाला बहुधा एम ८, म्हणजे ८ मिमी जाडीचा असतो, पिच १.२५ मिमी. पण ५/१६ इंची बोल्ट ७.९४ मिमीचा, डोळ्याला एम ८ सारखाच दिसतो. तो दोन-तीन आटे जातो आणि मग अडतो. तिथे जोर लावलात तर आटे मेले. नव्या बोल्टला नट हातानेच शेवटपर्यंत फिरवून बघा, दुकानातच. लांबी डोक्याखालून मोजायची, नटाबाहेर दोन-तीन आटे दिसले पाहिजेत. पूर्ण आट्यांचा बोल्ट घेऊ नका, भोकात सपाट दांडा असलेला घ्या.

ग्रेड. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं असतं आणि शेजारी बनवणाऱ्याची खूण असते. दोन्ही नसेल तर तो एमएस, म्हणजे साध्या मऊ पोलादाचा बोल्ट, परत ठेवा. ‘एचटीच आहे, घ्या’ एवढ्या शब्दावर घेऊ नका (एचटी म्हणजे हाय टेन्साइल, जास्त ताकदीचा). ८.८ म्हणजे तुटायची ताकद ८०० मेगापास्कल आणि त्याच्या ८० टक्क्यांवर तो कायमचा लांबायला लागतो. १०.९ म्हणजे १००० आणि ९० टक्के. मशीनला मूळचा ८.८ असेल तर ८.८ पुरतो. १०.९ घेतलात तर तो जास्त ताणाने आवळायचा असतो, नाहीतर पैसे वाया. १२.९ च्या मोहात पडू नका, विशेषतः चकचकीत झिंक चढवलेल्या. प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन आत शिरून असा कडक बोल्ट आवळून ठेवलेला असताना, मशीन बंद असतानाही, तुटू शकतो. स्टेनलेस गंजत नाही म्हणून कुणी सुचवेल, पण नेहमीचा ए२-७० ग्रेडचा स्टेनलेस हा ८.८ पेक्षा कमजोर असतो. तुटला एक तरी चारही बदला, बाकीचे तीनही तेच हादरे खाऊन बसलेत.

आता नट. ८.८ ला ८ नंबरचा, १०.९ ला १० नंबरचा, आणि नंबर नटावर कोरलेला हवा. मऊ नट पूर्ण ताण यायच्या आधीच आट्यांत दबतो. आणि वॉशर, ज्याकडे कुणी बघतच नाही. हिशोब समजून घ्या: एम ८ चा ८.८ बोल्ट नीट आवळला की सुमारे १६०० किलोच्या जोराने दाबून धरतो. पण २५ मिमी जाडी धरणारा बोल्ट त्यासाठी ताणला जातो जेमतेम ०.०५ मिमी, केसाच्या जाडीइतका. मऊ पत्र्याचा वॉशर डोक्याखाली तेवढा सहज दबतो. तो दबला की ताण गेला, बोल्ट मात्र जागच्या जागी दिसतो. म्हणून ८.८ खाली २०० एचव्हीचा (एचव्ही हे कडकपणाचं माप), १०.९ खाली ३०० एचव्हीचा कडक वॉशर मागा. दुकानदार ‘सगळे सारखेच’ म्हणाला तर दुसरं दुकान बघा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतात. बोल्ट, नट, वॉशर एकाच वेळी, एकाच पिशवीत. डोक्याखालचा डेकवरचा रंगही खरवडून काढा, रंगाचा थरही तसाच दबतो.

स्प्रिंग वॉशरवर भरवसा ठेवू नका. गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरने १९६९ मध्ये दाखवून दिलं की आडव्या हादऱ्याने बोल्ट आपोआप उलटा फिरतो. पूर्ण आवळल्यावर स्प्रिंग वॉशर सपाट होतो आणि ते फिरणं थांबवत नाही. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) चालेल, पण सायलेन्सरजवळ नको, आणि एकदा काढला की नवाच. नाहीतर आटे चिकटवणारं मध्यम ताकदीचं लॉकटाइट, २४३. प्लेटला हादरे देणाऱ्या व्हायब्रेटरचे बोल्ट थेट प्लेटच्या आट्यांत जातात, तिथे तर हवंच. तिथलं ऑइल आधी थिनरने पुसा, भोकाच्या तळापर्यंत, आणि बोल्ट तळाला टेकत नाही ना ते बघा. तिथे नट नाही, पण कडक वॉशर तिथेही लागतो.

आवळताना टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानेच आवळायचा पाना), भाड्याने मिळाला तरी आणा. एम ८ चा ८.८ साधारण २५ न्यूटन मीटर, १०.९ साधारण ३५. मशीनच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच. पान्याला पाइप लावून ओढायचं नाही. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, दोन टप्प्यांत. लॉकटाइट लावलं असेल तर रात्रभर मशीन सुरू करू नका.

बोल्ट, नट आणि डेक यांवरून पेंटची एक सरळ रेघ ओढा, रेघ तुटली की फिरलं. नायलॉक किंवा नुसते नट असतील तर पहिल्या तासाभराच्या कामानंतर मशीन थंड करून पुन्हा टॉर्क बघा. लॉकटाइटवाल्यांना हात लावू नका, नुसती रेघ बघा. जुने नट आणि वॉशर त्याच दिवशी भंगारात टाका, डब्यात ठेवले तर पुढच्या वेळी कुणीतरी तेच लावेल.