निकाहनाम्यात तफवीजची अट कशी घालावी

18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लीम महिलांचा मोर्चा मुंबईत नेला. मागणी होती तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व यांविरुद्धच्या कायद्याची. एका दमात दिलेला तीन तलाक सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली रद्द ठरवला आणि 2019 साली तो गुन्हा झाला. नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाला मात्र महाराष्ट्रात आजही आडकाठी नाही. बाईला संसार सोडायचा तर खुला, म्हणजे बायकोच्या मागणीवरून होणारा तलाक, मागावा लागतो, आणि त्यात बहुतेकदा मेहेरवर, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायच्या ठरलेल्या रकमेवर, पाणी सोडावं लागतं. नाहीतर 1939 च्या मुस्लीम विवाह विच्छेद कायद्याखाली कोर्टात कारण सिद्ध करायचं. नवरा खर्च देत नाही हे कारण तर दोन वर्षं काढल्यावरच पुढे करता येतं.

यातून वाट निघते ती निकाहनाम्यातून, आणि तीही शरियतच्या चौकटीत राहून. नवरा आपला तलाकचा अधिकार बायकोला देऊ शकतो, त्याला तलाक-ए-तफवीज म्हणतात. दिलेला अधिकार त्याला परत घेता येत नाही. ही कोणा सुधारकाची नवी कल्पना नव्हे. देवबंद मदरशाच्या परंपरेतले मौलाना अश्रफ अली थानवी यांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीलाच तिचे नमुने लिहून दिले होते. घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलताना हे नाव पुढे ठेवा, निम्मा विरोध तिथेच ओसरतो.

सगळ्यात मोठी चूक होते ती अटीच्या वाक्यात. ‘नवरा दुसरं लग्न करणार नाही’ एवढंच लिहिलं तर त्याने लग्न केल्यावर हातात काहीच उरत नाही, कारण हनफी मताप्रमाणे (भारतातले बहुतेक सुन्नी मानतात ती धर्मशास्त्राची परंपरा) निकाह टिकतो आणि दुसरं लग्नही टिकतं. अटीला परिणाम जोडावा लागतो. मसुदा साधारण असा करा:

‘मी दुसरा निकाह केला, किंवा सलग तीन महिने घरखर्चाची ठरलेली रक्कम तिच्या बँक खात्यात भरली नाही, किंवा तिला मारहाण केली, तर तिला त्यानंतर जेव्हा हवं तेव्हा स्वतःवर एक तलाक-ए-बाइन घेण्याचा अधिकार राहील.’

यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. ‘जेव्हा हवं तेव्हा’ गाळलं तर हनफी फिकहप्रमाणे (धर्मशास्त्राप्रमाणे) तो अधिकार त्या बैठकीपुरताच उरतो. अट मोडल्याचं कळलं आणि ती तिथून उठली की संपला. ‘बाइन’ म्हणजे नवऱ्याला मागे घेता न येणारा. तो शब्द गाळून नुसतं ‘तलाक’ लिहिलं तर तो रजई, म्हणजे मागे घेता येणारा, ठरतो आणि इद्दतच्या काळात (तलाकनंतर बायकोने थांबायची मुदत) नवरा रुजू करून, म्हणजे तलाक मागे घेऊन, तिला परत आणू शकतो. रक्कम ‘बँक खात्यात’ म्हटली की पासबुक हाच पुरावा होतो. ‘नीट वागला नाही तर’ असलं मोघम काही लिहू नका, त्यावर वर्षानुवर्षं वाद चालतो. ‘बायको कायम माहेरी राहील’ किंवा ‘कधी खर्च मागणार नाही’ अशा अटी कोर्टात टिकत नाहीत.

आता वेळ. करार निकाहाआधी करत असाल तर ‘तिच्याशी माझा निकाह झाल्यास’ हे शब्द हवेतच, नाहीतर जी बायको झालेलीच नाही तिच्यावरचा अधिकार दिल्यासारखं होऊन तो निरर्थक ठरतो. निकाहाच्या वेळी अट घालायची तर इजाब (लग्नाचा प्रस्ताव) मुलीच्या वकिलाने, म्हणजे निकाहात तिच्या वतीने बोलणाऱ्याने, अटीसकट करायचा आणि मुलाने कबूल म्हणायचं. मुलाने आधी इजाब केला आणि मागून अट चिकटवली तर ती लागू होत नाही. निकाहानंतरही अधिकार देता येतो, पण तेव्हा नवरा तयार होईलच असं नाही.

कोकणातली बहुतेक मुस्लीम कुटुंबं शाफई, म्हणजे सुन्नींच्याच दुसऱ्या परंपरेची, आहेत आणि हा मसुदा त्यांना जसाच्या तसा चालत नाही, कारण त्या मतात तफवीज अटीवर टांगून ठेवता येत नाही. तिथे तालिक वापरा, म्हणजे अट मोडली की तलाक पडेल असं नवऱ्याने स्वतः म्हणणं. मलेशियातही शाफई मतच चालतं. तिथे नवरा निकाहानंतर तालिक वाचून सही करतो, आणि काही राज्यांत बायकोने एक रिंगिट मोबदला दिल्यावर तलाक पडेल असं त्यात असतं. मोबदल्यामुळे तो खुलाचा तलाक होतो आणि रुजूचा प्रश्न मिटतो. शाफई आलिमाकडून (धर्मपंडिताकडून) मसुदा तपासून घ्या.

मेहेर रुपयांत लिहू नका. वीस वर्षांनी पाच हजारांना काय किंमत राहणार? सोन्याचे किंवा चांदीचे ग्रॅम लिहा. मेहेर-ए-फातिमी म्हणजे सुमारे 1,531 ग्रॅम चांदी. त्यातला मुअज्जल, म्हणजे मागताक्षणी देय भाग किती, हेही वेगळं लिहा.

काझी ‘आमच्या छापील फॉर्मात जागा नाही’ म्हणतील. फॉर्मच्या पाठीमागे लिहायला सांगा, किंवा 500 रुपयांच्या मुद्रांकावर वेगळा करारनामा करून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि निकाहनाम्यात त्याचा उल्लेख करा. साफ नकार आला तर 1880 च्या काझी कायद्याप्रमाणे निकाहाला काझी हजर असणं बंधनकारक नाही; दुसऱ्या कोणाकडूनही निकाह पढवून घेता येतो. सही करण्याआधी सगळे रकाने वाचा. पाकिस्तानात 1961 च्या वटहुकमानंतरच्या सरकारी निकाहनाम्यात तफवीजसाठी 18 वा रकाना आहे, पण अनेकदा मुलीला न विचारताच तो खोडला जातो. छापील सोय असून अधिकार बुडतो तो असा.

मूळ प्रत मुलीच्या माहेरी ठेवा, एक स्थानिक मुस्लीम जमातीच्या दफ्तरात द्या. महाराष्ट्रात विवाहनोंदणी करताना प्रत जोडा, निकाहनामा उर्दूत असेल तर मराठी अनुवादासह.

अधिकार वापरायची वेळ आलीच तर कुठली अट कधी मोडली ते तारखेसह लिहा, दोन साक्षीदारांसमोर ‘मी तफवीजने स्वतःवर एक तलाक-ए-बाइन घेते’ असं म्हणून सही करा आणि स्पीड पोस्टाने नवऱ्याला कळवा. ‘खुला’ हा शब्द कागदावर येऊ देऊ नका, तफवीजमध्ये मेहेर पूर्ण मिळतो. शाफई तालिकची शब्दरचना आणि मेहेरचा हिशेब वेगळा, तो आलिमाकडून लिहून घ्या. त्यानंतर कौटुंबिक न्यायालयातून वैवाहिक स्थितीची घोषणा घ्या, म्हणजे पासपोर्ट, रेशनकार्ड आणि पुढचा निकाह अडत नाही. पोटगीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली वेगळा अर्ज करा.