महागडा हेडफोन: मॉडेल ठरलं, आता हातात आलेला नग तपासा

चाळीस-पन्नास हजारांच्या वरचा हेडफोन घ्यायचा म्हटलं की दोन सल्ले फुकट मिळतात: परीक्षणं वाचा आणि बजेट थोडं वाढवा. पहिल्याने मॉडेल कळतं, दुसऱ्याने विकणाऱ्याचं भलं होतं. तुमच्या घरी जो डबा येणार आहे त्यातला नग कसा आहे, हे दोन्हींतून कळत नाही. परीक्षण करणाऱ्याने ऐकला तो वेगळा नग होता, आणि कंपनीनेच पाठवलेला असेल तर तो निवडूनच पाठवलेला असणार. केसर आंब्याची पेटी घेताना आपण नुसती जात विचारून पैसे मोजत नाही, फळ हातात घेऊन बघतो. इथे तर एका नगाला पेटीच्या कित्येक पट पैसे जातात.

त्यात आमच्या बडोद्यात असले हेडफोन बहुतेकांकडे कुरिअरनेच येतात. म्हणजे ऐकणं पैसे भरल्यानंतर. परतीची मुदत हाच तुमचा ऐकण्याचा काळ, म्हणून ऑर्डर देण्याआधी मुदत किती दिवसांची आहे आणि डबा उघडल्यावर माल परत घेतात का, हे लेखी विचारून ठेवा. ‘फक्त बदलून मिळेल’ असं असेल तरी चालेल. ‘सर्व्हिस सेंटरला दाखवा’ असं असेल तर दुसरीकडे बघा.

किंमत: पैसे कशाचे देताय

महाग म्हणजे आवाज चांगला, हे डोक्यातून काढून टाका. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इयरफोन धरून २८३ हेडफोनांची मोजणी झाली होती. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स (खालपासून वरपर्यंत कुठला सूर किती जोरात वाजतो ते) आणि किंमत यांचा संबंध काही सापडला नाही. वरच्या किमतीत पैसे जातात ते बांधणीला, साहित्याला, कमी संख्येने बनवण्याला, आयात करांना आणि नावाला. बांधणीला पैसे द्यायला माझी ना नाही, पण ते आवाजाच्या खात्यावर लिहू नका. डब्यावर ‘४०,००० हर्ट्झपर्यंत’ छापलेलं असतं त्याचे तर अजिबात देऊ नका. माणसाचा कान तरुणपणी २०,००० पर्यंत पोचतो, आणि पन्नाशीत बहुतेकांना १५,००० चासुद्धा पत्ता लागत नाही.

दुसरा हिशेब हेडफोनला ताकद पुरवणाऱ्या यंत्राचा, म्हणजे अ‍ॅम्पचा. बायरडायनॅमिकचं डीटी ८८० हे एकच मॉडेल ३२, २५० आणि ६०० ओहम (विजेला होणारा विरोध; तो जास्त तितका हेडफोन वाजवायला जास्त व्होल्टेज लागतं) अशा तीन प्रकारांत आलं. ६०० वालं मोबाइलवर लावून ‘आवाजच नाही’ म्हणणारे मी पाहिलेत. प्लेनार जातीच्या (आत चुंबकांपुढे सपाट पातळ पडदा असलेल्या) हेडफोनांचं उलट. ओहम कमी दिसतात म्हणून सोपे वाटतात, पण संवेदनशीलता (ठरावीक ताकदीत किती मोठा आवाज निघतो ते) कमी असली तर तेही भरपूर ताकद मागतात. ओहम आणि संवेदनशीलता हे दोन्ही आकडे एकत्र बघा आणि अ‍ॅम्प लागणार असेल तर त्याची किंमत हेडफोनच्याच किमतीत मिळवा.

तिसरा हिशेब लोक करतच नाहीत: पॅड. बडोद्याच्या मे महिन्यात कृत्रिम चामड्याचे पॅड घामाने सोलपटायला वेळ लागत नाही, आणि पॅड बसले की आवाजही बदलतो. म्हणून मी दुकानदाराला पहिला प्रश्न हेडफोनचा नाही, पॅडच्या जोडीचा भाव काय आणि ती भारतात मिळते का, हा विचारतो. उत्तर ‘बघून सांगतो’ असं आलं तर पुढचं बोलणं थांबवतो. सेनहायझरचं एचडी ६०० १९९७ साली बाजारात आलं, आजही विकलं जातं, आणि त्याचे पॅड, केबल, डोक्यावरची गादी सगळं सुटं मिळून घरी बदलता येतं. मोल म्हणतात ते मला तिथे दिसतं.

ग्रे मार्केटचा, म्हणजे कंपनीच्या अधिकृत वाटेबाहेरून आलेला माल स्वस्त पडतो. बिल आणि भारतातली वॉरंटी नसेल तर हा लेख पुढे वाचून उपयोग नाही, कारण दोष सापडला तरी तो घेऊन जाणार कुठे?

डबा उघडणे

व्हिडिओ चालू ठेवून उघडा, सिरियल नंबर बिलाशी ताडून बघा, डबा आणि आतला फोम टाकू नका. झालं.

डावी-उजवी बाजू: इथेच वेळ घालवा

महागड्या हेडफोनमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा आणि सगळ्यात कमी लोकांच्या लक्षात येणारा दोष म्हणजे दोन ड्रायव्हर (प्रत्येक कपातला आवाज काढणारा भाग) एकमेकांशी न जुळणं. आवाज दोन्हीकडून येतो, खरखर नसते, सगळं ठीक वाटतं. फक्त गाणारा मधोमध बसत नाही. लोक ‘रेकॉर्डिंगच तसं असेल’ म्हणून सोडून देतात आणि वर्षभराने कळतं की सगळीच रेकॉर्डिंगं तशी आहेत.

मोबाइलच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी उघडा. ‘मोनो ऑडिओ’चं बटण अँड्रॉइडलाही आहे, आयफोनलाही. ते चालू करा (म्हणजे दोन्ही कानांत तंतोतंत एकच आवाज जाईल), आणि तिथलीच डाव्या-उजव्या आवाजाची पट्टी नेमकी मध्यावर आहे ना ते बघा. (पट्टी कधीतरी चुकून सरकलेली असते आणि दोष हेडफोनच्या माथी जातो.) डॅकला (डिजिटल आवाजाचं विजेच्या लहरींत रूपांतर करणाऱ्या चिपला) थेट आवाज पाठवणारी काही अ‍ॅप्स ही सेटिंग जुमानत नाहीत, म्हणून चाचणीपुरतं साधं प्लेअर वापरा.

वाजवायचं काय? एकट्या माणसाचा आवाज. बडोद्याच्या माणसाला लांब जायला नको: फैयाज खाँसाहेब किंवा हिराबाई बडोदेकर यांच्या जुन्या तबकड्या लावा. त्या मुळात मोनोच. पण डिजिटल करताना सुईची खरखर दोन्ही बाजूंना पसरलेली असते आणि कुठे कुठे नंतर ओढूनताणून स्टिरिओ केलेलं असतं, म्हणून मोनोचं बटण तरीही चालूच ठेवा. चष्मा काढा, केस पॅडखालून मागे घ्या, पंखा बंद करा. आता डोळे मिटून ऐका. आवाज नाकाच्या रेषेत, डोक्याच्या मधोमध हवा. तो जरा डावीकडे कलतोय असं वाटलं तर लगेच निकाल देऊ नका. काढून पुन्हा नीट बसवा. कानामागे पॅडला फट राहिली तरी खालचे सूर गळतात आणि आवाज कलल्यासारखा भासतो.

तरीही डावीकडेच कलत असेल तर तिघांवर संशय घ्यायचा: तुमचा कान, हेडफोन, किंवा अ‍ॅम्प. इथे जो तो एकच सल्ला देतो, ‘उलटा घालून बघ’. हा सल्ला अर्धाच आहे आणि अर्धा असल्यानेच घातक आहे. हेडफोन उलटा घातला, म्हणजे डावा कप उजव्या कानावर, आणि आवाज अजूनही डावीकडेच कलला, तर दोष कानाचा. सर्दी, मळ, वय, काहीही. आवाज आता उजवीकडे गेला तर कान सुटला, पण हेडफोन पकडला गेला असं मुळीच नाही. अ‍ॅम्पची डावी बाजू जोरात असली तरी नेमकं हेच घडतं, कारण उलटं घातल्यावर अ‍ॅम्पचं डावं चॅनेलही उजव्या कानात जातं. कितीतरी निर्दोष हेडफोन या अर्ध्या चाचणीवर परत गेले असतील.

म्हणून दुसरी चाचणी करावीच लागते. हेडफोन पुन्हा सरळ घाला आणि दोन्ही कपांत खोचलेल्या केबलच्या पिना आपसात बदला. डावीची उजवीकडे, उजवीची डावीकडे. आता आवाज उजवीकडे गेला तर दोष अ‍ॅम्पचा किंवा केबलचा. डावीकडेच राहिला तर कप दोषी, यात शंका नाही. ज्यांची केबल एकाच कपातून निघते त्यांच्यात हे जमत नाही. तिथे त्याच अ‍ॅम्पला दुसरा एखादा हेडफोन लावून बघा.

अ‍ॅम्पबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. फिरवायच्या बटणाचा व्हॉल्यूम अगदी खाली असताना डावं-उजवं सारखं नसतं. स्वस्तात नसतं, महागातही पुष्कळदा नसतं. बटण बरंच वर न्या आणि आवाज मोबाइलमधून कमी करा, मग चाचणी करा. तिरप्या पॅडवाल्या हेडफोनांत, म्हणजे मागे जाड आणि पुढे पातळ, उलटं घातल्यावर आवाजाचा पोतही बदलतो. तिकडे लक्ष देऊ नका. फक्त कल कुठे आहे ते बघा.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे कल ठरावीक सुरांपुरताच असणं. त्यासाठी मोनोतच एक सलग चढता सूर, ज्याला स्वीप म्हणतात, तो सावकाश वाजवा. सूर चढताना मधल्या जागेवरून हलला नाही पाहिजे. ५-६ हजार हर्ट्झच्या वर तो थोडा भरकटतोच, कारण आपले दोन कान काही साच्यातून काढलेले नसतात. त्यावरून झोप उडवून घेऊ नका. पण २०० ते ४,००० च्या मध्ये, जिथे माणसाचा गळा आणि बहुतेक वाद्यं असतात, तिथे दर वेळी एकाच ठिकाणी तो एका बाजूला सरकत असेल, तर नग परत. मग पॅडची कातडी कितीही मऊ असो.

माझ्याकडच्या एका प्लेनारमध्ये हेच होतं. विक्रेत्याचं उत्तर आलं, ‘शंभर तास वाजवा, मोकळा होईल.’ वाजवून पॅड बसतील आणि तुमचा कान रुळेल. न जुळलेला ड्रायव्हर जुळणार नाही, आणि शंभर तास होईपर्यंत परतीची मुदत उलटलेली असेल. असं उत्तर आलं की त्याच दिवशी परताव्याचा अर्ज टाका.

नवरात्रात गरब्याच्या मैदानावरून आल्या रात्री यातलं काही करू नका. तासन् तास स्पीकरसमोर राहिलेले कान काही काळ बधिर असतात, आणि दोन्ही सारखेच बधिर असतील याचा भरवसा नाही.

खरखर

तोच स्वीप २० ते २०० हर्ट्झमध्ये, बेताच्या आवाजात. तबल्याच्या डग्ग्यासारखा गोल सूर यावा. तडतड आली तर आधी जाळीतून केस आत गेलाय का बघा, कारण निम्म्या वेळा तोच असतो. प्लेनारचा कप कानावर दाबताना होणारी बारीक कुरकुर वेगळी, ती हवेच्या दाबाने होते. गाणं चालू असताना तसं होत नसेल तर सोडून द्या.

आवाज

आता मोनो बंद करा. (विसरतात, आणि मग ‘स्टेज, म्हणजे आवाजाचा पसारा, अरुंद आहे’ म्हणतात.)

जुन्या हेडफोनशी तुलना करणार असाल तर दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणणं सोडून बाकी सगळं दुय्यम आहे. थोडा मोठा वाजणारा हेडफोन ‘जास्त स्वच्छ’ वाटतो. कान असाच फसतो. मोबाइलवरचं डेसिबल मोजायचं अ‍ॅप अचूक नसतं, पण दोन हेडफोनांची एकमेकांशी तुलना करायला पुरतं. जाड पुठ्ठ्याला छोटं भोक पाडून त्यामागे माइक धरा, पॅड पुठ्ठ्यावर पूर्ण टेकवा आणि दोन्हींत एकसारखाच गोंगाटी आवाज (नॉइज) वाजवून आकडे जुळवा. पातळी फार चढवू नका: जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, एवढीच मोकळीक आहे.

परीक्षणवाले वाजवतात ती गाणी तुम्ही लावू नका. माझी पहिली चाचणी नुसता तानपुरा. जवारी (तारेला झणकार देणारी घोडीची ठेवण) चांगली लावलेली असेल तर एका तारेतून सुरांचा पिसारा उलगडतो. हेडफोनचे वरचे सूर टोचरे असतील तर तिथे पत्र्यासारखी किनार येते, दबलेले असतील तर तानपुरा पेटीसारखा सपाट होतो. मग एखादा विलंबित ख्याल, पुरुष गायकाचा. गळा छातीतून येतोय की नुसता घशातून, हे ऐका. शेवटी डग्ग्यावरची मींड. तळहात सरकताना सूर वाकतो तो अखंड वाकला पाहिजे, मध्येच फुगता कामा नये. एवढ्यात कळलं नाही तर चार दिवस रोजचं ऐका आणि पाचव्या दिवशी जुना हेडफोन घाला. जुन्यात काही कमी वाटलं नाही, तर नवा परत करायला लाजू नका.

परत करताना

तक्रारीत ‘आवाज बरोबर नाही’ लिहिलंत तर ‘तपासणीत दोष आढळला नाही’ असंच उत्तर येणार. असं लिहा: मोनो आवाजात गाणारा डावीकडे कलतो; उलटं घातल्यावर उजवीकडे जातो; केबल आपसात बदलल्यावर डावीकडेच राहतो; दुसरा हेडफोन त्याच अ‍ॅम्पवर मधोमध वाजतो. सोबत सिरियल नंबर, बिल, आणि पुठ्ठ्यामागे माइक धरून दोन्ही कपांचे वेगवेगळे घेतलेले आकडे. फोनवर बोलणं झालं तरी ईमेल पाठवाच, तारीख राहते. आठवडाभर कोणी दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ लावा. नग पाठवताना मूळ फोममध्येच बंद करा, आणि पावसाळा असेल तर डब्याला बाहेरून प्लास्टिक गुंडाळा. भिजलेला डबा हे माल नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं.