गोल्फ व्यवस्थापनात पाऊल टाकताय? या चुका टाळा

गोल्फ भारताला नवा नाही. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी १९२७ सालचा. पण क्लबच्या कुंपणाबाहेर महाराष्ट्रात हा खेळ अजूनही अनोळखीच आहे. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, तेव्हा कुठे बऱ्याच घरांत बर्डी (ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी) आणि बोगी (एक जास्त) म्हणजे काय, याची चौकशी झाली. अशा ठिकाणी या क्षेत्रात येणारी मुलंमुली हुशार असतात, मेहनतीही असतात. तरी त्याच त्या चुकांत अडकतात.

‘मी चांगला खेळतो’ एवढ्यावर विसंबणं

खेळता येणं उपयोगाचं आहेच. पण मॅनेजरचा दिवस बुकिंग, पंपाची मोटर, गैरहजर माळी आणि सभासदांच्या तक्रारी यांत जातो. स्वतःच्या सरावाला वेळ मिळेल, या आशेवर ही नोकरी धरू नका.

गवताचं काम माळ्यांवर सोडून मोकळं होणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. खेळणारा क्लबहाऊसला नावं ठेवूनही परत येईल, खराब ग्रीनवर (चेंडू टाकायच्या खड्ड्याभोवतीचं, अगदी बारीक कापलेलं गवत) मात्र तो पुन्हा पाय ठेवणार नाही. आपल्याकडच्या बऱ्याच मैदानांवर बर्म्युडा गवत असतं, म्हणजे आपल्या हरळीचीच भावकी. हरळी तर बांधावरही माजते, तिची कसली काळजी, असं वाटतं. पण ग्रीनवर तेच गवत तीन-चार मिलिमीटरवर कापलेलं असतं. पान तोकडं, म्हणून मूळही उथळ. जरा दुर्लक्ष झालं की आजारी पडलंच.

पिवळे डाग दिसले की युरिया मारायचा, ही सवय आधी मोडा. डागाखालची माती उकरून हातात घ्या. काळी, चिकट आणि कुबट वासाची असेल तर पाण्याचा निचरा होत नाहीये. भुसभुशीत आणि कोरडी असेल तर स्प्रिंकलरचं पाणी तिथवर पोचत नाहीये. तो चालू असताना स्वतः उभं राहून बघा. सगळ्या ग्रीनवर पांढुरकी झाक असेल आणि पात्यांची टोकं फाटलेली दिसत असतील तर मशीनच्या ब्लेडची धार गेली आहे, खताचा काही संबंध नाही. आणि पावसाळ्यात रात्रीतून तेलकट, काळपट ठिपके उमटले, पहाटे त्यांवर कापसासारखी बुरशी दिसली, तर ती पिथियम नावाची बुरशी असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी युरिया दिलात तर बुरशी आणखी फोफावते. संध्याकाळचं पाणी बंद करा, लागलंच तर पहाटे द्या, ओल्या गवतावर मशीन घालू नका आणि आजारी ग्रीन सगळ्यात शेवटी कापा. नाहीतर मशीनच ती बुरशी पुढच्या ग्रीनवर नेतं.

मैदानाला प्रक्रिया केलेलं सांडपाणी मिळत असेल तर त्यातले क्षार नियमित तपासून घ्या.

नवख्याला थेट १८ होलवर पाठवणं

पूर्ण फेरीला, म्हणजे १८ होल (खेळाचे टप्पे) संपवायला, चार तासांहून जास्त वेळ लागतो. पहिल्यांदा आलेला माणूस त्यात दमतो, खजील होतो आणि परत फिरकत नाही. त्याला आधी ड्रायव्हिंग रेंजवर (लांब फटक्यांच्या सरावाची जागा) न्या, मग पटिंग ग्रीनवर (चेंडू हळूच खड्ड्यात ढकलण्याच्या सरावाची जागा), मग चार-सहा होल खेळू द्या. स्टिक भाड्याने मिळतात, कोणते कपडे चालतात, हे फोनवरच सांगा. दारावर अडवला गेलेला माणूस तो अपमान विसरत नाही. हँडिकॅप म्हणजे खेळाडूचं कौशल्य दाखवणारा आकडा, जितका मोठा तितका खेळाडू नवखा. २०२० पासूनच्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत कमाल मर्यादा ५४ आहे, म्हणजे अगदी शिकाऊ माणसालाही अधिकृत हँडिकॅप घेता येतो. हे त्याला आपणहून सांगा.

रविवारी टी-शीट ठासून भरणं

टी-शीट म्हणजे कोणता गट किती वाजता खेळ सुरू करणार याचा तक्ता. सात-सात मिनिटांनी गट सोडले की उत्पन्न वाढल्यासारखं वाटतं. पण पहिल्याच पार-३ (तीन फटक्यांत संपवायच्या) होलवर रांग लागते आणि सगळ्यांचीच सकाळ वाया जाते. खेळ रेंगाळत असेल तर मार्शलने (खेळाच्या वेगावर लक्ष ठेवणाऱ्याने) मागच्या गटावर ओरडून काही होत नाही. कोंडी सर्वांत आधी कुठे होते ते शोधा आणि दोन गटांत दहा-बारा मिनिटं ठेवा.

कॅडींना नुसते बॅगा उचलणारे समजणं

१९९१ मध्ये इंडियन ओपन ही गोल्फ स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय अली शेर हा मूळचा कॅडी. कुठे पाणी साचतं, कोणता चेंडू कुठे हरवतो, कोणता पाहुणा नाराज होऊन गेला, हे कॅडींना तुमच्याआधी कळतं. त्यांचे पैसे वेळेवर द्या, उन्हापावसात बसायला जागा द्या आणि रोज त्यांच्याशी बोला.

परदेशी पदवीला हमी मानणं

अमेरिकेत फेरिस स्टेट विद्यापीठाने १९७५ मध्ये गोल्फ व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम सुरू केला. शिक्षण चांगलं आहे, पण ते तिथल्या हवामानाला आणि तिथल्या ग्राहकाला धरून. कर्ज काढून जाण्याआधी इथल्या एखाद्या मैदानावर एक पावसाळा काढा. प्रशिक्षक व्हायचं असेल तर वाट वेगळी आहे. त्यासाठी नॅशनल गोल्फ अकादमी ऑफ इंडियाचे अभ्यासक्रम बघा. आणि मुलाखतीत पगाराच्या आधी एक प्रश्न नक्की विचारा: मे महिन्यात मैदानाला पाणी कुठून येतं?