दुकानात लॉटरी ठेवायची का? आधी हा हिशोब करून बघा

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमचं सुपरशॉप आहे. सुपरशॉप म्हणजे काय तर किराणा, प्लास्टिक, थोडं कॉस्मेटिक आणि तीन बिलिंग काउंटर. दिवाळी जवळ आली की कोणीतरी ओळखीचा दुकानदार फोन करतोच, की भाऊ डिस्ट्रिब्युटरचा माणूस येऊन गेलाय, लॉटरीची तिकिटं ठेव म्हणतोय, जागा लागत नाही, पैसे लगेच सुटतात, ठेवू का? मी एक सीझन ठेवली होती आणि काढून टाकली, त्यामुळे सांगायला माझ्याकडे थोडं आहे. डीमार्टसारख्या मोठ्या दुकानात मला तरी कधी लॉटरीचं तिकीट दिसलं नाही, ते का हे पण यातच येईल, फक्त त्यांनी हा हिशोब आधी केलेला असणार आणि मी गल्ल्यावर बसून शिकलो.

आधी कायद्याचं बघून घ्या, ते लवकर संपतं. लॉटरी विकणं म्हणजे बेकायदेशीर धंदा नाही. महाराष्ट्राची स्वतःची राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे, सणासुदीच्या भव्यतम सोडती असतात, आणि सगळ्या देशाला १९९८ चा लॉटरी कायदा लागू आहे. हो, आपल्याकडून दोन-अडीच तासांवर सापुतारा, पण तिकडे गुजरातेत लॉटरीच नाही, राज्याराज्याचं वेगळं आहे. तुम्ही एवढंच करायचं की तिकीट हातात घेऊन नीट बघायचं. कोणत्या राज्याचं आहे, त्या राज्याचं बोधचिन्ह छापलंय का, सोडतीची तारीख आहे का. आणि कोणी स्क्रीन आणि मशीन घेऊन आला, एका आकड्यावर पैसे लावायचे, दर थोड्या वेळाने निकाल, असं काही सांगायला लागला तर चहा पाजून वाटेला लावा. एका आकड्यावर बक्षीस देणारी लॉटरी त्या कायद्यात बसतच नाही, ते नावाला लॉटरी आणि आतून मटका. कायदा मोडून चालणाऱ्या लॉटरीचं तिकीट विकणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, घेणाऱ्यालाही.

आता खरा हिशोब. मोबाईलवर स्टॉपवॉच लावा आणि शनिवारी संध्याकाळी सात ते आठ काउंटरजवळ उभे राहा. मी हे तिकिटं ठेवल्यावर केलं, तुम्ही आधी करा.

आमच्याकडे तिकिटं पहिल्या काउंटरच्या वर दोरीला चिमटे लावून टांगलेली होती. अंबडच्या कंपनीतून सुटलेला एक जण आला, अंगावर कंपनीचा शर्ट, हातात डबा. पाच तिकिटं पाहिजेत, पण नंबराच्या शेवटी सात पाहिजे. मग पोरगा एकेक चिमटा काढून दाखवतोय. सातची दोनच निघाली. मग त्याने भावाला फोन लावला, भाऊ म्हणाला तीन घे, तीनची बघितली, त्यातलं एक मुडपलेलं होतं ते नको. मागे एक ताई उभ्या, कडेवर पोरगं, हातात दोन दुधाच्या पिशव्या आणि ब्रेड, आणि त्यांच्या मागे भरलेल्या ट्रॉल्या. चार मिनिटं गेली. ताईंनी पिशव्या बिस्किटांच्या रॅकवर ठेवल्या आणि निघून गेल्या, दूध आम्हाला नऊ वाजता सापडलं, कोमट झालेलं.

आता आकडे मांडा. समजा शंभरच्या तिकिटामागे तुम्हाला आठ रुपये सुटतात (तुमचा खरा आकडा डिस्ट्रिब्युटरकडून लिहून घ्या, तोंडी नको), तर पाच तिकिटांचे चाळीस. त्याच चार मिनिटांत सहाशे-सहाशेच्या दोन टोपल्या बिल झाल्या असत्या, आणि किराण्यात दहा टक्के धरले तरी एकशे वीस. म्हणजे लाईन असताना तिकीट विकणं तोट्याचं आणि लाईन नसताना फायद्याचं. पण लोक तिकीट घ्यायला येतात ते पगार झाल्यावर आणि सणाच्या आधी, आणि नेमकी तेव्हाच तुमच्याकडे लाईन असते!

अमेरिकेतही असंच दिसतं. तिकडे लॉटरी पेट्रोल पंपावर आणि कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात जोरात चालते, पण टार्गेट आणि कॉस्टको ही मोठी दुकानं सहसा विकत नाहीत. छोट्या दुकानाला तिकिटाच्या निमित्ताने माणूस आत यायला हवा असतो, तो कोल्ड्रिंक घेऊन जातो, त्याचा नफा त्या कोल्ड्रिंकमध्ये. मोठ्या दुकानात माणूस ट्रॉली भरायला आधीच आलेला असतो, त्याला फक्त पटकन बाहेर सोडायचं असतं. मला तरी सगळ्यात मोठं कारण हेच वाटतं. म्हणून सीबीएस बस स्टँडजवळ किंवा शालिमारला टेबल टाकून बसणाऱ्याला लॉटरी परवडते आणि तुम्हा-आम्हाला नाही, यात त्याची हुशारी कमी-जास्त असा विषयच नाही.

दुसरं म्हणजे माल म्हणून तिकीट फार नाजूक. बिस्किटाचा पुडा सहा महिने टिकतो आणि बऱ्याच कंपन्या एक्सपायरी परत घेतात. तिकीट सोडतीच्या वेळेपर्यंत शंभर रुपये, नंतर रद्दी. न विकलेली परत घेणार का, किती आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे पहिल्या दिवशी विचारा. मी विचारलं नव्हतं, शेवटी अठ्ठावीस तिकिटं माझ्याच नावावर आली (नाही लागलं, विचारू नका). शिवाय आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये ते बसत नव्हतं, म्हणून वेगळी वही, आणि गिऱ्हाईक किराणा आणि तिकीट मिळून एकच यूपीआय करतो, मग रात्री गल्ला आणि वही जुळेना. शंभर-दोनशेचं बक्षीस लागलं की लोक रोख मागायला तुमच्याकडेच येणार, दुसऱ्याकडून घेतलेलं तिकीट घेऊन पण येणार, आणि नाही म्हटलं की वाईट तुम्ही.

टॅक्सचं थोडक्यात. लॉटरीवर जीएसटी मार्च २०२० पासून २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० झाला. तुमच्या कमिशनवर वर्षाला वीस हजारांच्या पुढे २ टक्के टीडीएस कापतात. दहा हजारांवरचं बक्षीस लागलं तर त्यातून ३० टक्के कापले जातात, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा नाहीतर तो तुमच्याशी भांडतो. बाकी तुमच्या जीएसटी नंबरवर काय फरक पडतो ते सीएला विचारा, शेजारच्या दुकानदाराला नको.

आता जे मला सगळ्यात उशिरा कळलं ते. आमच्याकडे महिन्याची वही असलेलं एक घर आहे, सात-आठ वर्षांपासूनचं. त्या वहिनी एकदा दुपारी दुकानात कोणी नसताना आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, यांना तिकीट देत जाऊ नका. तुमचीच उधारी तटते मग." मी वही काढली. तीन महिने त्या घराचं तेल पाच लिटरवरून दोनवर आलेलं, आणि बाकी वाढलेली. म्हणजे मी आठ रुपयांसाठी माझ्याच गिऱ्हाइकाचा तेलाचा डबा कमी करत होतो आणि वर उधारी पण मीच सोसत होतो. तुम्ही पण तिकिटं ठेवली असतील तर एक काम करा, नेहमी तिकीट घेणारी दहा नावं काढा आणि त्यांचं किराण्याचं बिल आधीच्या तीन महिन्यांशी लावून बघा. रस्त्यावरच्या टेबलवाल्याला हे दिसत नाही कारण त्याच्याकडे वही नाही. आपल्याकडे आहे.

एवढं करूनही ठेवायचीच असतील तर बिलिंग काउंटरवर नको, दाराजवळ वेगळं टेबल, वेगळा गल्ला, वेगळा क्यूआर आणि बसायला घरचंच माणूस. उधारीवर एकही तिकीट नाही, सख्ख्या मेव्हण्याला पण नाही. शाळेच्या पोरांना नाही, "पप्पांनी सांगितलंय" म्हटलं तरी नाही. निकालाचा कागद भिंतीवर चिकटवा म्हणजे दिवसभर "लागलं का हो" ऐकावं लागणार नाही.

आणि नाही ठेवायची ठरलं तर डिस्ट्रिब्युटरच्या माणसाला "बघू पुढच्या महिन्यात" असं म्हणू नका, तो पुढच्या महिन्यात खरंच येतो. सरळ सांगा, काउंटर मोकळा नाही. गिऱ्हाईक विचारेल त्याला जवळचं टेबल कुठे आहे ते दाखवा. आमच्या इथे रिक्षा स्टँडच्या कडेला एक काका बसतात, मी त्यांच्याकडे पाठवतो, आणि ते संध्याकाळी टेबल आवरून जाताना दूध आमच्याकडून नेतात.