वेब डिझाइन शिकायचंय? आधी एचटीएमएल (वेबपानाचा सांगाडा लिहायची भाषा) नीट शिका
फ्रेमवर्क (कोडचे तयार साचे) नंतर बघा, आधी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये स्वतःच्या हाताने एक पान लिहा, हेडिंगला एच१, परिच्छेदाला पी, मेनूला नॅव असे टॅग (कुठला भाग काय आहे ते सांगणाऱ्या खुणा) लावा, आणि रंगरूप सगळं वेगळ्या सीएसएस फाइलमध्ये. बटन हवं असेल तर बटन टॅगच वापरा, डिवला (नुसत्या डब्यासारख्या, स्वतःचा अर्थ नसलेल्या टॅगला) क्लिक लावून भागवू नका, कारण खऱ्या बटनावर टॅब दाबून जाता येतं, एंटर किंवा स्पेस मारलं की ते चालतं आणि स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) त्याला बटन म्हणूनच वाचतो, डिवमध्ये हे सगळं तुम्हालाच करत बसावं लागतं. फोटोला ऑल्ट (फोटोत काय आहे ते सांगणारा मजकूर) द्याच, प्लीज, डोळ्यांनी न बघता वेब वापरणारी माणसं खूप आहेत. पान झालं की डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या फुकट व्हॅलिडेटरमध्ये (कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या टूलमध्ये) टाका आणि सगळ्यात वरची एरर आधी सुधारा, बऱ्याचदा बंद करायचा राहिलेला एखादा टॅगच खालच्या एररचं मूळ असतो. जावास्क्रिप्ट, म्हणजे पान हलतं-बोलतं करणारी भाषा, त्यानंतर.