'डॅमेजेस' रशियनमध्ये नेताना

पुण्या-मुंबईत रशियन शिकलेली मुलं विचारतात, "भाषा येते, आता करारांचे अनुवाद करायचे आहेत, सुरुवात कुठून करू?" मी त्यांना आधी रशियाच्या सिव्हिल कोडचं, म्हणजे दिवाणी संहितेचं, कलम 15 मुळातून वाचायला सांगते. कोश नंतर. मुल्तित्रानसारखा ऑनलाइन कोश 'डॅमेजेस'ला, म्हणजे नुकसानभरपाईला, एकाखाली एक पर्याय देतो : उबीत्की, उश्चेर्ब, व्रेद, पोतेरी, कम्पेन्सात्सिया. सगळे कुठे ना कुठे बरोबर असतात, म्हणूनच नवखा माणूस अडकतो. कोणता शब्द कुठे बसतो, हे कायदा उघडल्याशिवाय कळत नाही.

कलम 15 मध्ये 'उबीत्की' हा सगळं पोटात घेणारा शब्द आहे. त्याचे दोन भाग. हक्क पूर्ववत करायला झालेला किंवा होणार असलेला खर्च आणि मालमत्तेची हानी, हा 'रेआल्नी उश्चेर्ब'. हक्क मोडला नसता तर एरवी मिळालं असतं ते उत्पन्न, ही 'उपूश्चेन्नया वीगदा'. आता करारातल्या 'डॅमेजेस'ला तुम्ही नुसतं उश्चेर्ब लिहिलंत, तर समोरचा वकील म्हणू शकतो की बुडालेला नफा यात धरलेलाच नाही. एका शब्दापायी दाव्याची रक्कम बदलते. म्हणून करारभंगाच्या भरपाईला उबीत्कीच.

'व्रेद' मुख्यतः कराराबाहेरच्या इजेसाठी. अपघात, प्रदूषण, कुणाच्या जिवाला किंवा मालाला पोचलेला धक्का, हे सगळं कलम 1064 पासून पुढे येतं. मानसिक यातनांची भरपाई कलम 151 मध्ये आहे, तिथे 'मराल्नी व्रेद'. आणि एकवचनी 'उबीतक' दिसला तर आधी संदर्भ बघा, बहुतेक वेळा तो ताळेबंदातला तोटा असतो.

नामाइतकंच क्रियापद सांभाळायला लागतं, आणि याकडे वर्गात फार कमी लक्ष जातं असं मला वाटतं. उबीत्की 'वज़्मेश्चात' (भरून देणं) करायचे, न्येउस्तोयका, म्हणजे करारात आधीच ठरलेला दंड, 'व्ज़ीस्कात' (वसूल करणं) किंवा 'उप्लाचिवात' (भरणं) करायची, मराल्नी व्रेद 'कम्पेन्सीरवात' (भरपाई देणं) करायचा. आपण नुकसान सोसतो, दंड भरतो. दंड सोसला म्हटलं की कान टवकारतात. रशियन न्यायाधीशाचेही तसेच टवकारतात. या जोड्या शिकायचा सोपा मार्ग म्हणजे कन्सुल्तान्त प्लूस या रशियन कायद्यांच्या ऑनलाइन संग्रहावर संहिता उघडून कलमं रोज थोडी मोठ्यानं वाचणं.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा असा शब्दप्रयोग 'लिक्विडेटेड डॅमेजेस', म्हणजे करारातच आधी ठरवून ठेवलेली भरपाईची रक्कम. बहुतेक जण त्याला डोळे मिटून न्येउस्तोयका लिहितात. इंग्लंडच्या कायद्यात आधी ठरवलेली रक्कम चालते, पण ती धाक घालण्यासाठीचा दंड ठरली तर न्यायालय ती मानत नाही. 1915 च्या डनलॉप खटल्यापासून ही कसोटी होती, 2015 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं कॅव्हेंडिश खटल्यात ती नव्यानं मांडली. रशियात मात्र न्येउस्तोयका म्हणजे कलम 330 मधला दंडच, 'श्त्राफ' (एकरकमी दंड) आणि 'पेन्या' (उशिराच्या दिवसांनुसार वाढणारा दंड) दोन्ही तिच्यात येतात, आणि ती वैध आहे. फार अवाजवी असेल तर कलम 333 खाली न्यायालय ती कमी करू शकतं. शिवाय कलम 394 प्रमाणे, करारात वेगळं काही नसेल तर न्येउस्तोयकेत न भागलेलं नुकसान वर मागता येतं. इंग्रजी करारात मात्र बहुधा 'एवढीच रक्कम, बाकी काही नाही' असा हिशेब असतो. आपल्या 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 या दोहोंच्या मध्ये उभं आहे : ठरलेल्या रकमेपर्यंत, पण वाजवी तेवढीच भरपाई.

म्हणून मी आधी करार कोणत्या देशाच्या कायद्याखाली आहे ते कलम शोधते. इंग्लंडचा कायदा असेल तर 'ज़ाराने ओत्सेन्योन्निये उबीत्की' लिहिते, म्हणजे आधीच अंदाजलेली भरपाई; परका शब्दप्रयोग परकाच दिसू द्यावा. रशियन कायदा असेल तर न्येउस्तोयका, आणि वकिलाला समासात प्रश्न : याशिवाय आणखी भरपाई मागता येणार आहे का? असा प्रश्न विचारायला लाजू नका. चांगल्या वकिलाला तो आवडतो.

'कॉन्सिक्वेन्शियल लॉस'चंही, म्हणजे करारभंगामुळे ओढवणाऱ्या अप्रत्यक्ष नुकसानीचंही, तसंच. इंग्रजी वकिलाच्या डोक्यात 1854 चा हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल हा खटला असतो, करारभंगाचं कोणतं नुकसान मागता येतं हे ठरवणारा. 'कस्वेन्निये उबीत्की' असं लिहिता येतं, पण सिव्हिल कोडमध्ये त्याची व्याख्याच नाही. बुडालेला नफा वगळायचा असेल तर उपूश्चेन्नया वीगदा नाव घेऊन लिहायला हवी, आणि तो निर्णय पक्षकाराचा, अनुवादकाचा नाही. 'इंडेम्निटी'ला, म्हणजे दुसऱ्याचा तोटा भरून देण्याच्या हमीला, रशियन कायद्यात पूर्वी धड जागाच नव्हती. 1 जून 2015 पासून कलम 406.1 आलं, करारभंगाशी संबंध नसलेल्या तोट्याची भरपाई, 'वज़्मेश्चेनिये पोतेर'. तिथे पोतेरी हा शब्द मुद्दाम वेगळा ठेवलाय, त्याला उबीत्कीत मिसळू नका.

सरावासाठी माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे आंतरराष्ट्रीय मालविक्री करारांबद्दलचा 1980 चा संयुक्त राष्ट्रांचा व्हिएन्ना करार. त्याची इंग्रजी आणि रशियन संहिता दोन्ही सारख्याच अधिकृत आहेत, म्हणजे कुणा एकाच्या अनुवादाच्या मतावर विसंबायला नको. कलम 74 शेजारी शेजारी ठेवा : 'डॅमेजेस' तिथे उबीत्की, 'लॉस' तिथे उश्चेर्ब (इथे मात्र बुडालेला नफा धरून), 'लॉस ऑफ प्रॉफिट' तिथे उपूश्चेन्नया वीगदा. भारत त्यात सामील नाही, रशिया आहे. त्यामुळे इथल्या निर्यातदाराचा विक्री करार रशियन कायद्याखाली असेल आणि त्यात व्हिएन्ना करार वगळलेला नसेल, तर व्हिएन्ना करारही लागू होऊ शकतो.

आणखी एक फसवी जागा, कारण भरपाईच्या कलमाला लागूनच ती येते. 'अर्बित्राझ्नी सूद' म्हणजे लवाद नव्हे, ते रशियाचं सरकारी व्यापारी न्यायालय. लवादाला 'त्रेत्येइस्की सूद' किंवा 'अर्बित्राझ' म्हणतात. वाद कुठे चालणार हे या एका विशेषणावर ठरतं, तेव्हा काम पाठवण्यापूर्वी तेवढी ओळ पुन्हा वाचा.