विपश्यना केली, तरी समाधान टिकत का नाही? या चुका टाळा

विपश्यना ध्यानाचं शिबिर दहा दिवसांचं असतं, तिथेच राहून करायचं. दहाव्या दिवशी सकाळी मैत्रीभावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणारं ध्यान, शिकवून झाली की आर्य मौन, म्हणजे आपसात बोलणं-खुणावणंही बंद ठेवण्याचा नियम, सुटतं. नऊ दिवस एकमेकींच्या नजरेला नजरही न दिलेल्या बायका भोजनालयाबाहेर घोळक्याने बोलू लागतात आणि पाच-दहा मिनिटांत तो प्रश्न येतोच, "तुम्हाला धाराप्रवाह आला का हो?" म्हणजे ध्यानात सगळ्या अंगातून वाहणारी बारीक झिणझिण. कुणाला सहाव्या दिवशी आलेला असतो, कुणाला आठव्या. आणि एखादी पायरीवर बसून ओढणीने डोळे पुसत असते. "दहा दिवस फुकट गेले माझे. मला काहीच मिळालं नाही."

पहिल्या शिबिरात ती मी होते. पुढे धम्मसेविका म्हणून, म्हणजे शिबिरातल्या साधिकांना मदत करायला, चार शिबिरांत राहिले, तेव्हा दर वेळी तशी कुणीतरी भेटली. घरी जाऊन दोन महिन्यांत "पुन्हा जैसे थे" म्हणणाऱ्या तर कितीतरी. सगळ्यांचं मागणं एकच असतं, आतून समाधान हवं आणि ते टिकायला हवं. त्यांच्याशी बोलताना आणि स्वतःला तपासताना ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसल्या, त्या इथे लिहिते आहे. शिबिराला जाणार असाल किंवा जाऊन आला असाल, तर उपयोग होईल.

काहीतरी मिळवायला जाणे

ज्यांच्यामुळे ही साधना आपल्याकडे पुन्हा रुजली, त्या सत्यनारायण गोयंकांची स्वतःची सुरुवातच या चुकीने झाली होती. जन्म १९२४ चा, मंडालेचा. मोठा व्यापार, आणि डोकेदुखी इतकी भयंकर की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. कुणीतरी त्यांना रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांचं नाव सुचवलं. हे ऊ बा खिन म्हणजे कुणी संन्यासी नव्हते, तिथल्या सरकारात महालेखापाल होते. त्यांनी गोयंकांना सांगितलं की डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका. मन निर्मळ करायला या, त्यात डोकं बरं झालं तर झालं. काही महिने घुटमळून गोयंका १९५५ मध्ये शिबिराला बसले. १९६९ मध्ये ते भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरं सुरू झाली.

आपणही डोकेदुखी घेऊनच जातो. कुणाला झोप हवी असते, कुणाला घरातली भांडणं थांबायला हवी असतात. त्यात गैर काही नाही, दुखल्याशिवाय कोण दहा दिवस फोन जमा करून बसेल? अडचण ही होते की दर तासाला आपण मनातल्या मनात हिशोब मांडतो. झालं का कमी? येतंय का काही? हा हिशोबच मनाला बसू देत नाही. फॉर्म भरताना जे कारण लिहिलंत, ते घंटा वाजल्यावर खोलीत ठेवून ध्यानकक्षात जा.

"माझं मनच फार चंचल आहे"

पहिले तीन दिवस आनापान असतं, फक्त नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा. पहाटे चारला घंटा, रात्री साडेनऊला दिवे बंद, मध्ये दहा-साडेदहा तासांची बैठक. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बहुतेकांना वाटतं की हे आपल्याला जमणारं नाही. दुसरा दिवस आणि सहावा दिवस, बॅगा भरल्या जातात त्या याच दोन दिवशी.

चूक अशी होते की मन पळालं म्हणजे साधना बिघडली असं आपण धरून चालतो. मन पळालं हे कळलं, तिथेच काम सुरू झालेलं असतं. श्वास सापडतच नसेल तर थोडा वेळ किंचित जोरात श्वास घ्या, मग पुन्हा नैसर्गिक होऊ द्या. सोबत जप किंवा देवाची मूर्ती जोडू नका. घरी नामस्मरण करणाऱ्यांना हे जड जातं, पण दहा दिवस ते बाजूला ठेवायचं असं तिथे आधीच सांगितलेलं असतं, ते पाळा. आणि चिडू नका. श्वासावर परत यायला जितका वेळ लागतो, त्याच्या दसपट वेळ आपण स्वतःवर चिडण्यात घालवतो.

अधिष्ठानाला कुस्ती समजणे

चौथ्या दिवशी विपश्यना देतात, म्हणजे श्वासावरून पुढे अंगभरच्या संवेदना पाहायला शिकवतात, आणि तिथून दिवसातल्या तीन सामूहिक बैठका अधिष्ठानाच्या होतात. तासभर डोळे उघडायचे नाहीत, हात-पाय हलवायचे नाहीत. बरेच जण दात-ओठ खाऊन बसतात. तास निभतो, पण दुखण्याशी लढत निभतो, आणि द्वेष करायचा सरावच पक्का होतो. गुडघा दुखतोय हे एक, आणि "कधी संपणार हे" हे दुसरं. पहिलं पाहायचं, दुसरं ओळखायचं. नाहीच सोसलं तर पाय हलवा आणि पुन्हा बसा. गुडघ्याचं किंवा मणक्याचं जुनं दुखणं असेल तर फॉर्ममध्ये तसं लिहून खुर्ची मागून घ्या, त्यात कमीपणा काहीच नाही.

गोड संवेदनेच्या मागे लागणे

सगळ्यात खोल चूक ही, आणि सगळ्यात उशिरा लक्षात येते तीही हीच.

दुसऱ्या शिबिरात सातव्या दिवशी दुपारी अडीचच्या बैठकीला मला धाराप्रवाह आला. बाहेर पत्र्यावर पाऊस लागला होता. टाळूपासून पायाच्या नखापर्यंत सगळीकडे बारीक झिणझिण्या, सोड्याचे बुडबुडे फुटावेत तशा. पाठ नाही, गुडघा नाही, वजन नाही. तास कधी संपला कळलं नाही. मी बाहेर येऊन कट्ट्यावर बसले, पाच वाजताचं लिंबूपाणी प्यायले, आणि वाटलं की हेच ते, यासाठीच आलो होतो.

आठव्या दिवशी पाठीत दगड. डाव्या खांद्याखाली एक जागा अशी जड की तिच्या पुढे मन सरकेना. सकाळच्या सगळ्या बैठका मी कालची ती झिणझिण शोधत काढल्या. दुपारी बाराला सहायक आचार्यांना भेटता येतं, तिथे गेले. रडकुंडीलाच आले होते. बाईंनी विचारलं, "काल ते सुख आलं तेव्हा मनात काय होतं?"

"हे जाऊ नये असं."

"आणि आज?"

"ते परत यावं असं."

"मग काल आणि आज तुम्ही एकच काम केलंत," त्या म्हणाल्या. आणि पुढच्या साधिकेला आत बोलावलं.

मला ते पचायला कित्येक महिने लागले. शिबिरात रोज कानावर पडणारा पाली शब्द आहे 'अनिच्च', म्हणजे टिकत नाही ते. दगडासारखी जागाही अनिच्च आणि झिणझिणही अनिच्च. आपल्याला दगड अनिच्च असलेला चालतो, झिणझिण मात्र कायमची हवी असते. बाहेर आपण पगारवाढीच्या मागे लागतो, मुलांच्या मार्कांच्या मागे लागतो, आणि आत गेल्यावर त्याच हावरेपणाने शांततेच्या मागे लागतो. म्हणून तर शांत बैठकीनंतर काही जण जास्त चिडचिडे होतात. कुणी दार वाजवलं, कुकरची शिट्टी झाली, की "माझी शांती मोडली"!

मग प्रगती कशाने मोजायची? संवेदनेने मोजू नका. दुखावलं गेल्यावर सावरायला किती वेळ लागतो, तेवढं पाहा. जावेचा एक शब्द पूर्वी माझ्या मनात आठ-आठ दिवस घोळायचा. आता दुसऱ्या दिवशी सकाळी तो आठवतो, पण पोट आवळत नाही. माझ्या बैठकी आजही बऱ्याचदा दगडाच्याच असतात.

समता म्हणजे गप्प बसणे, असा समज

समता म्हणजे सुख आलं की दुःख, मनाचा तोल न जाऊ देणं. ती गप्प बसण्यात आहे असं मानणं ही चूक, आणि आपल्याकडे या चुकीला एक तयार आधारही मिळतो. "ठेविले अनंते तैसेचि राहावे" हा तुकोबांचा चरण आपण सोयीने वापरतो, विशेषतः दुसऱ्याला गप्प करायला. त्याच तुकोबांनी "रात्रंदिवस आम्हां युद्धाचा प्रसंग" असंही म्हटलंय, ते कुणी सुनावत नाही. ओळखीच्या एका साधिकेचा तीन महिन्यांचा पगार थकला होता आणि ती "मी समतेत आहे" म्हणत होती. खरं तर ती घाबरली होती. पुढे तिने लेखी अर्ज केला, दर आठवड्याला जाऊन उभी राहिली, आवाज न चढवता आणि मान खाली न घालता. समता तिला तिथे उपयोगी पडली. आणि घरातल्या माणसाने तक्रार केली की त्याला "तू समता ठेव" असं सांगणं, हे तर कृपा करून करू नका.

दुखणं लपवून जाणे

फॉर्ममध्ये मानसिक आजार आणि चालू औषधं यांची विचारणा असते. काही जण प्रवेश नाकारतील म्हणून ते लिहीत नाहीत, काही जण जाण्याआधी गोळ्या परस्पर बंद करतात. दोन्ही धोक्याचं आहे. दिवसाला दहा तासांच्या ध्यानात काही जणांची झोप पूर्ण उडते, भीती अनावर होते, आणि आधीचा त्रास असेल तर तो बळावू शकतो. नैराश्य, तीव्र चिंता, भास यांवर उपचार चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला आणि फॉर्म खरा भरा. आत असताना काही भलतं जाणवलं तर मौन आड येत नाही, आचार्यांशी आणि सेवकांशी बोलता येतं. घरी असाल आणि मन फारच खचलं असेल तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

घरी आल्यावरचे पहिले पंधरा दिवस

गेटबाहेर फोन हातात मिळतो आणि स्टेशनवर पोचेपर्यंत दहा दिवसांचे सगळे मेसेज वाचून झालेले असतात. निदान घरी जाईपर्यंत तो बंद ठेवा. मग दुसरी घाई सुरू होते, सगळ्यांना शिबिराला पाठवायची. मी नवऱ्याच्या इतकी मागे लागले होते की त्याने विपश्यना हा शब्द ऐकला की उठून जायला सुरुवात केली.

सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास बसा असं शिबिरात सांगतात. पहिला आठवडा सगळे बसतात. नंतर एक दिवस पाहुणे येतात, एक दिवस ताप येतो, आणि मग अपराधीपणापोटी चटईच दुमडून कपाटावर जाते. एक चुकलं की सगळं सोडायचं ही आपली जुनी सवय, उपवासातही तीच आणि व्यायामातही तीच. तास जमला नाही तर वीस मिनिटं बसा. महिना चुकला असेल तर आज रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटं आनापान करा. जवळपास आठवड्याची सामूहिक साधना होत असेल तर जात राहा, चार माणसांत बसलं की उठवत नाही.

माझी वेळ पहाटे पाचची, नळाला पाणी यायच्या आधीची. पहिल्या वर्षी एकदा मी बैठकीवरून उठले आणि ओट्यावर खरकटं पाहून मुलीवर ओरडले. सासूबाई भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "तू बसतेस ते चांगलंच आहे गं. पण उठल्यावर एवढी का चिडतेस?" तो प्रश्न मी वहीत लिहून ठेवला आणि दर महिन्याला स्वतःला विचारत आले.

परवा दूध उतू गेलं. सगळा गॅस, ओटा, खाली फरशीपर्यंत. मी फडकं घेतलं आणि पुसायला लागले. सासूबाई दारात उभ्या राहून जरा वेळ पाहत होत्या. मग त्यांनी दुसरं फडकं ओलं करून आणलं आणि खाली फरशीशी वाकल्या. "आज काही बोलली नाहीस," म्हणाल्या.